‘अँग्लो-इंडियन’ : एका सामासिक विशेषणाचा अर्थेतिहास

लोकमान्य टिळकांच्या १९०८ च्या खटल्यासंबंधीचे वाङ्मय वाचताना आजचा विद्यार्थी एका शब्दापाशी हमखास अडखळतो. आणि अडखळला नाही, तर अधिकच चुकतो. तो शब्द म्हणजे ‘अँग्लो-इंडियन’ हे इंग्रजी सामासिक विशेषण होय. मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर ‘केसरी’त जे लेख आले, ते अँग्लो-इंडियन पत्रांनी हिंदी पुढाऱ्यांवर जी आग पाखडली होती तिला दिलेले उत्तर होते, हा टिळकांच्या बचावातील एक प्रमुख मुद्दा होता. अलाहाबादच्या ‘पायोनियर’सारख्या पत्रांतील मजकूर त्यांनी न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे पुराव्यादाखल मांडला होता. काही वर्षांपूर्वी वर्गात हा भाग वाचून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, रेल्वेत गार्ड आणि ड्रायव्हर म्हणून नोकरी करणाऱ्या त्या मिश्रवंशीय गरीब समाजाचे टिळकांशी एवढे वैर कशासाठी होते?” ती भुसावळची होती. तिच्या आजोबांच्या तोंडी तेथील रेल्वे वसाहतीतील अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या आठवणी तिने ऐकल्या होत्या. तिचा प्रश्न चुकीचा होता, पण अडाणीपणाचा नव्हता. ज्या शब्दाने टिळकांनी राज्यकर्त्या गोऱ्यांचा निर्देश केला, त्याच शब्दाने तिच्या आजोबांनी आपल्या शेजाऱ्यांचा निर्देश केला होता. आणि दोघांचेही मराठी निर्दोष होते.

एखाद्या शब्दाचा अर्थ बदलणे ही भाषेत नित्याची गोष्ट आहे. येथे मात्र शब्दाचा अर्थ नुसता सरकलेला नाही, तर त्याने एका माणसाचे घर सोडून दुसऱ्याच्या घरी बिऱ्हाड केले आहे. हे बिऱ्हाड हलले तेव्हा त्याबरोबर नोकऱ्या हलल्या, शाळांचे दरवाजे उघडले अथवा बंद झाले, विधिमंडळातील जागा मिळाल्या आणि गेल्या. म्हणून या विशेषणाचा इतिहास केवळ कोशकारांचा विषय राहत नाही.

प्रथम समासाचा विचार करू. इंग्रजीत ‘अँग्लो’ हे पूर्वपद स्वतंत्रपणे सहसा वावरत नाही. लॅटिनमधील इंग्रजवाचक शब्दाला ‘ओ’ हा सांधणारा स्वर लागून ते सिद्ध झाले आहे. ‘ग्रीको-रोमन’, ‘इंडो-युरोपियन’ ही विशेषणे याच साच्यातील. या साच्याची गंमत अशी की, तो दोन भिन्न समासांना एकाच रूपात बसवतो. ‘अँग्लो-मराठा युद्ध’ असे म्हटले म्हणजे इंग्रज आणि मराठे यांच्यामधील युद्ध असा अर्थ होतो. आपल्या परिभाषेत बोलायचे तर पूर्वपद आणि उत्तरपद येथे द्वंद्वाप्रमाणे समान पातळीवर आहेत. १९२१ चा ‘अँग्लो-आयरिश’ तह हाही तसाच. परंतु आयर्लंडमधील ‘अँग्लो-आयरिश’ जमीनदार असे म्हटले की विग्रह पालटतो. हे लोक आयरिशच, पण इंग्रज वंशाचे. म्हणजे उत्तरपद प्रधान आणि पूर्वपद त्याचे विशेषण. ‘अँग्लो-नॉर्मन’ म्हणजे इंग्लंडात स्थायिक झालेले नॉर्मन. ‘अँग्लो-सॅक्सन’ या आता एकजीव वाटणाऱ्या शब्दाचाही मूळ हेतू असाच दिसतो: खंडावर मागे राहिलेल्या सॅक्सनांपासून इंग्लंडातील सॅक्सन वेगळे दाखवणे. सारांश, माणसांच्या समूहाला लावलेल्या या प्रकारच्या समासात उत्तरपद हे मूळ द्रव्य सांगते आणि ‘अँग्लो’ त्या द्रव्यावर चढलेला रंग सांगते.

हा न्याय ‘अँग्लो-इंडियन’ला लावला तर काय निष्पन्न होते? ‘इंग्रजी रंगाचा हिंदी मनुष्य’. आणि एकोणिसाव्या शतकात हा शब्द कोणाला लावला जात होता? हिंदुस्थानात नोकरीनिमित्त अगर व्यापारानिमित्त राहणाऱ्या, येथला उन्हाळा शिव्या देत सोसणाऱ्या, मुलांना शिक्षणासाठी मायदेशी पाठवणाऱ्या आणि पेन्शन घेऊन तेथेच परतणाऱ्या अस्सल इंग्रजाला! त्याच शतकात ज्यांचा पिता इंग्रज आणि माता हिंदी अशा लोकांसाठी जी अनेक नावे प्रचारात होती, त्यांत ‘इंडो-ब्रिटन’ हे एक होते. वरच्याच न्यायाने ‘इंडो-ब्रिटन’चा अर्थ ‘हिंदी रंगाचा ब्रिटिश मनुष्य’ असा व्हावयास हवा, म्हणजे नेमका तो पेन्शनर साहेब. व्याकरणदृष्ट्या पाहता या दोन वर्गांनी एकमेकांची नावे पांघरली होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

ही अदलाबदल कोणी मुद्दाम केली नव्हती. आपल्या देशात राहणाऱ्या इंग्रजांपासून वेगळे ओळखण्यासाठी हिंदुस्थानात जाऊन आलेल्या इंग्रजाला लंडनमध्ये जे नाव लागते, त्यात ‘इंडियन’ हाच भेददर्शक अंश असतो. नाव लंडनहून पाहणाराने दिले. त्याच्या दृष्टीने ‘अँग्लो’ गृहीतच होते. नाव देणारा कोठे उभा आहे यावर समासातील प्राधान्य ठरते, हे सूत्र पुढील सर्व इतिहासात आपल्याला उपयोगी पडेल.

या जुन्या अर्थाचे सर्वांत भारदस्त स्मारक म्हणजे हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा १८८६ साली प्रसिद्ध झालेला ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश. त्याच्या उपशीर्षकातच अँग्लो-इंडियन बोलीतील शब्दांचा संग्रह असे म्हटले आहे. हिंदुस्थानातील साहेबाच्या इंग्रजीत जे देशी शब्द मिसळून गेले, त्यांचा तो कोश आहे. घाट, पेशवा, पाटील हे आपले शब्द इंग्रजी वेष करून तेथे बसलेले आढळतात, आणि मराठ्यांच्या भीतीने कलकत्त्याभोवती खणलेल्या खंदकालाही तेथे स्वतंत्र नोंद मिळाली आहे. मिश्रवंशीयांची भाषा हा त्या कोशाचा विषय नव्हे. एडवर्ड ओटन यांनी १९०८ मध्ये अँग्लो-इंडियन वाङ्मयाचा आढावा लिहिला, तोही मुख्यतः हिंदुस्थानात वावरलेल्या इंग्रज लेखकांचाच. म्हणजे टिळकांवर खटला चालू होता त्याच वर्षी त्यांचा शब्द आणि ओटन यांचा शब्द यांत तिळमात्र अंतर नव्हते. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर एवढ्यानेच मिळते. ज्या पत्रांना ‘केसरी’ अँग्लोइंडियन म्हणत असे ती राज्यकर्त्यांच्या ज्ञातीची पत्रे होती. मुंबईचे ‘टाइम्स ऑफ इंडिया’, अलाहाबादचे ‘पायोनियर’, कलकत्त्याचे ‘इंग्लिशमन’ ही त्यांतील मोठी.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. मिश्रवंशीय समाजाला नाव नव्हते असे नाही. त्याला नावे फार होती, हेच त्याचे दुर्दैव. ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरुवातीच्या काळात शिपायांनी आणि कारकुनांनी येथील स्त्रियांशी संसार करण्यास कंपनीची हरकत नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस वारे फिरले. १७८६ मध्ये कलकत्त्याच्या अनाथालयातील अशा मुलांना शिक्षणासाठी विलायतेला पाठवण्यास बंदी झाली. १७९१ मध्ये, ज्याचा पिता अगर माता हिंदी आहे त्याला कंपनीच्या मुलकी, लष्करी व आरमारी नोकरीत नेमू नये असे ठरले. १७९५ च्या हुकुमाने, आईबाप दोन्ही युरोपियन नसलेल्यांना सैन्यात बासरीवाले, नगारची, बँडवाले आणि नालबंद एवढ्याच जागा मोकळ्या राहिल्या. हे हुकूम वाचताना लक्षात येते की, त्यांत या लोकांना नावच दिलेले नाही. ते ‘काय नाहीत’ हेच तेवढे सांगितले आहे. नकाराने केलेली व्याख्या ही कायद्याला सोयीची असते, पण तिच्या आत राहणाऱ्याला ती घर म्हणून पुरत नाही.

या हुकुमांचा एक परिणाम आपल्या इतिहासाशी निगडित आहे. जेम्स स्किनर हा स्कॉटिश पिता आणि रजपूत माता यांचा मुलगा. कंपनीच्या फौजेचे दार बंद असल्यामुळे तो शिंद्यांच्या कवायती फौजेत दाखल झाला आणि मराठ्यांच्या बाजूने अनेक लढाया लढला. १८०३ साली इंग्रज-मराठा युद्ध सुरू होताच, ब्रिटिश रक्ताच्या अधिकाऱ्यांवर विश्वास नको म्हणून शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याने त्याला दूर केले. मग तो लॉर्ड लेककडे गेला, आणि त्याने उभारलेले घोडदळ आजही भारतीय सैन्यात त्याच्या नावाने ओळखले जाते. इंग्रजांना तो पुरेसा इंग्रज नव्हता आणि पेराँला तो पुरेसा हिंदी नव्हता. अशा माणसासाठी भाषेजवळ त्या वेळी एकही आदराचा शब्द नसावा, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

समाजाने स्वतः निवडलेले पहिले महत्त्वाचे नाव ‘ईस्ट इंडियन’ हे होय. जॉन विल्यम रिकेट्स हे १८३० मध्ये कलकत्त्याच्या मिश्रवंशीयांचा अर्ज घेऊन ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेले, तेव्हा अर्जदारांनी स्वतःला याच नावाने संबोधले होते. कवी डिरोझिओ यांनी १८३१ मध्ये काढलेल्या दैनिकाचे नावही ‘ईस्ट इंडियन’ असेच होते. पण हे नाव तेथे टिकले नाही. मराठी वाचकाला ते भलतीकडेच नेते, कारण मुंबई, साष्टी, वसई या भागांतील मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाने पुढे तेच नाव स्वीकारले. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, त्यांनी ‘बाँबे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन केली. गोवा व मंगळूर येथून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, कंपनी सरकारच्या चाकरीतील जुने, हे त्यांना दाखवायचे होते. कलकत्त्यात ज्या नावाने इंग्रज पित्याची आठवण दिली, त्याच नावाने मुंबईत इंग्रज धन्याची दिली. घरात मराठी बोलणाऱ्या, लग्नात मराठी गाणी म्हणणाऱ्या माणसांनी स्वतःसाठी इंग्रजी सामासिक नाव घेतले आणि ते आजही अभिमानाने चालवले आहे. नाव आणि वंश यांचा संबंध किती सैल असू शकतो, याचा एवढा जवळचा दाखला आपल्याला शोधून सापडणार नाही.

बंगाल-मद्रासकडे ‘ईस्ट इंडियन’च्या जागी ‘युरेशियन’ हा शब्द रुळला. युरोप व आशिया ही दोन खंडे एका शब्दात कोंबून तो बनवलेला आहे. व्याकरणदृष्ट्या तो निर्मळ द्वंद्व. पण वापरात त्याला लवकरच हिणकस वास येऊ लागला. तो शब्द उच्चारणारा माणूस वरच्या पायरीवर उभा असे, आणि ती पायरी शब्दाला चिकटली. या समाजातील सुस्थित लोक त्या नावापासून अंग काढून घेऊ लागले.

येथे संस्थांच्या नावांतील एका उभयान्वयी अव्ययाकडे मी लक्ष वेधू इच्छितो. डी. एस. व्हाइट यांनी १८७९ मध्ये मद्रासेत जी संस्था स्थापन केली तिचे नाव होते ‘युरेशियन आणि अँग्लो-इंडियन असोसिएशन’. (म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर बंगळुरूजवळ वसलेले व्हाइटफील्ड हे गाव याच व्हाइटांच्या नावाचे.) या नावात ‘आणि’ दोन वेगळ्या वर्गांना जोडतो: एकीकडे मिश्रवंशीय, दुसरीकडे येथेच कायम झालेले गोरे. चारच वर्षांनी, हिंदी न्यायाधीशांना युरोपियनांचे खटले चालवण्याचा अधिकार देऊ पाहणाऱ्या इल्बर्ट बिलाविरुद्ध गोऱ्यांनी जी संघटना उभारली, तिचे नाव ‘युरोपियन आणि अँग्लो-इंडियन डिफेन्स असोसिएशन’. आता विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत येऊ. सर हेन्री गिडने यांच्या नेतृत्वाखालील संस्थेच्या नावात ‘अँग्लो-इंडियन आणि डोमिसाइल्ड युरोपियन’ असे शब्द आढळतात. १८७९ मध्ये ‘अँग्लो-इंडियन’ हा ‘आणि’च्या गोऱ्या बाजूला उभा आहे, गिडने यांच्या काळी तो दुसऱ्या बाजूला गेला आहे, आणि गोऱ्या बाजूसाठी नवे शब्द शोधावे लागले आहेत. इल्बर्ट बिलाच्या वेळच्या त्या गोऱ्यांच्या संघटनेनेही पुढे आपल्या नावातून ‘अँग्लो-इंडियन’ गाळून ‘युरोपियन असोसिएशन’ एवढेच नाव ठेवले.

ही उडी केव्हा पडली? त्याचे वर्ष सांगता येते, आणि अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासात असे क्वचितच घडते. १९११ च्या खानेसुमारीत लॉर्ड हार्डिंज यांच्या सरकारने मिश्रवंशीयांच्या नोंदीसाठी ‘अँग्लो-इंडियन’ हे नाव अधिकृतपणे स्वीकारले. त्यामागे त्या समाजाची बरीच वर्षांची मागणी होती. मागणीचे कारण उघड आहे: हा शब्द तोवर राज्यकर्त्यांचा होता, त्याला कोणताही डाग नव्हता. ‘युरेशियन’मधून निघून ‘अँग्लो-इंडियन’मध्ये शिरणे म्हणजे मागील दाराने नव्हे, तर पुढील दाराने घरात येणे होते. सरकारने मागणी मान्य केली. आणि मग, माझ्या मते, अपेक्षेच्या उलट गोष्ट घडली. शब्दाने नव्या मालकाला आपली प्रतिष्ठा देण्याऐवजी जुना मालकच घर सोडून गेला. हिंदुस्थानातील इंग्रज हळूहळू स्वतःला फक्त ‘युरोपियन’ किंवा ‘ब्रिटिश’ म्हणवू लागला.

परंतु खानेसुमारीचा रकाना बदलला म्हणून भाषा त्या रात्री बदलत नाही. ई. एम. फॉर्स्टर यांची १९२४ मधील हिंदुस्थानविषयक कादंबरी आणि जॉर्ज ऑर्वेल यांची १९३४ मधील ब्रह्मदेशाविषयीची कादंबरी, या दोहोंत ‘अँग्लो-इंडियन’ म्हणजे क्लबात बसणारा इंग्रज, आणि मिश्रवंशीयासाठी ‘युरेशियन’ हाच शब्द येतो. खानेसुमारीला तेवीस वर्षे उलटल्यावरही! याउलट १९५४ साली आलेल्या जॉन मास्टर्स यांच्या ‘भवानी जंक्शन’मध्ये हा शब्द पूर्णपणे रेल्वे वसाहतीत येऊन स्थिरावला आहे. शिवाय, हा बदल शब्दाच्या सर्व उपयोगांत सारखा झाला नाही. माणसाचा वाचक म्हणून तो झपाट्याने पालटला. पण जेथे तो वस्तूचे विशेषण आहे, जसे अँग्लो-इंडियन वाङ्मय, अँग्लो-इंडियन शब्द, अँग्लो-इंडियन वृत्तपत्रे, तेथे अभ्यासकांच्या लेखनात जुना अर्थ अद्यापि जिवंत आहे. हिंदी लेखकांच्या इंग्रजी वाङ्मयाला नाव देण्याची वेळ आली तेव्हा याच कारणाने पंचाईत झाली. के. आर. श्रीनिवास अय्यंगार यांनी १९४३ च्या आपल्या ग्रंथाला समास उलटा करून ‘इंडो-अँग्लियन’ असे नाव दिले. तो शब्द कानाला कधीच गोड लागला नाही, आणि पुढे खुद्द त्यांनीच १९६२ च्या ग्रंथात ‘इंग्रजीतील भारतीय लेखन’ असा सरळ मार्ग धरला. तरी व्याकरणाच्या दृष्टीने पाहता, उत्तरपदाला प्राधान्य देण्याचा त्यांचा तो प्रयत्न सयुक्तिक होता, असेच मला वाटते.

याप्रमाणे १९११ नंतर समासाचा विग्रह सुधारला: ‘इंग्रजी रंगाचा हिंदी मनुष्य’. व्याकरणाचा न्याय प्रस्थापित झाला म्हणून समाधान मानण्याचा मोह भाषाशास्त्रज्ञाला होईल. मात्र विग्रह सुधारला तो व्याकरणासाठी नव्हे. आणि कायद्याच्या हाती हा शब्द गेल्यावर तर विग्रहाचा काही उपयोगच उरला नाही.

१९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्याने विधिमंडळांत जातवार जागा वाटून दिल्या, तेव्हा प्रत्येक जातीची व्याख्या करणे भाग पडले. त्या कायद्यात ‘युरोपियन’ आणि ‘अँग्लो-इंडियन’ यांच्या व्याख्या शेजारीशेजारी आहेत आणि जवळजवळ एकाच साच्यातील आहेत. दोघांचाही पिता किंवा पितृपरंपरेतील कोणी तरी पुरुष युरोपीय वंशाचा असला पाहिजे. फरक एकच: जो हिंदुस्थानचा ‘नेटिव्ह’ आहे तो अँग्लो-इंडियन, जो नाही तो युरोपियन. ज्या ‘नेटिव्ह’ शब्दापासून हा समाज दीडशे वर्षे दूर पळत होता, तोच अखेर त्याच्या व्याख्येचा कणा झाला.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३६६ मध्ये हीच व्याख्या आली. फक्त ‘नेटिव्ह’ हा शब्द गेला. त्याच्या जागी जे शब्द आले ते असे: भारताच्या राज्यक्षेत्रात अधिवास असलेला, आणि जेथे आईबाप कायमचे राहत होते, केवळ तात्पुरत्या कामासाठी राहिलेले नव्हते, अशा राज्यक्षेत्रात जन्मलेला. ही शब्दयोजना १९५० च्या सुमारास कोणा मसुदाकाराला सुचलेली नव्हे. १८७० च्या ब्रिटिश कायद्याने ‘हिंदुस्थानचा नेटिव्ह’ या पदाची जी व्याख्या केली होती, तिचेच हे शब्द आहेत. स्वतंत्र भारताच्या संविधानाने शब्द टाकला आणि त्याचा अर्थ तसाच ठेवला.

या व्याख्येतून काय निघते ते पाहण्यासारखे आहे. ‘अँग्लो’चा इंग्रजांशी संबंध उरत नाही, पितृपरंपरेत पोर्तुगीज, डच किंवा फ्रेंच पुरुष असला तरी चालतो. मातृपक्षाचा विचारच नाही. आई इंग्रज आणि बाप मराठी असेल तर मूल अँग्लो-इंडियन ठरत नाही. मिश्रणाचीही अट नाही, कारण दोन्हीकडून शुद्ध युरोपीय, पण पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहिलेले कुटुंब या व्याख्येत बसते. इंग्रजी भाषेचा तर उल्लेखही नाही. म्हणजे रूढीने या शब्दात जे जे पाहिले होते, इंग्रजपणा, मिश्रण, भाषा, त्यांपैकी एकही गोष्ट कायद्याच्या अर्थात आवश्यक नाही. संविधानाच्या हिंदी पाठात ‘आंग्ल-भारतीय’ असा प्रतिशब्द आहे. संस्कृत वळणाच्या कानाला तो द्वंद्वासारखा ऐकू येतो आणि व्याख्येपासून आणखी एक पाऊल दूर नेतो.

तथापि भाषेचा उल्लेख व्याख्येत नसला, तरी तो लवकरच न्यायालयात आला. आणि तेही आपल्याच प्रांतात. ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारने एक परिपत्रक काढले. ज्या वर्गांत इंग्रजी माध्यम आहे त्यांत, ज्यांची भाषा इंग्रजी आहे अशा नागरिकांखेरीज, म्हणजेच अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाच्या नागरिकांखेरीज, इतर मुलांना प्रवेश देऊ नये, असा त्याचा आशय होता. प्रादेशिक भाषांच्या आणि हिंदीच्या प्रसाराचा हेतू त्यामागे होता, आणि मराठीच्या अध्यापकाला त्या हेतूविषयी आस्था वाटणे स्वाभाविक आहे. पण परिपत्रकाची रचना पाहिली की आस्था डळमळते. नाशिकजवळ देवळाली येथील बार्न्स हायस्कूल ही बाँबे एज्युकेशन सोसायटीची शाळा अँग्लो-इंडियन शाळा म्हणून मान्यता पावलेली होती. तेथे प्रवेश मागणाऱ्या दोन मुलांना या परिपत्रकामुळे परत जावे लागले. एक मूल गुजराती हिंदू डॉक्टराचे. दुसरे भारतीय ख्रिस्ती लष्करी अधिकाऱ्याचे, आणि या दुसऱ्या पालकाचे म्हणणे असे की आमची मातृभाषा इंग्रजीच आहे. त्याची मुलगी घरी इंग्रजी बोलत असूनही तिला दार बंद, कारण तिच्या पितृपरंपरेत युरोपीय पुरुष नव्हता. परिपत्रकात ‘म्हणजेच’ हा एक शब्द होता, आणि त्या एका शब्दाने भाषा व वंश यांची गाठ मारली होती.

मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारीत आणि सर्वोच्च न्यायालयाने २६ मे १९५४ रोजी हे परिपत्रक संविधानविरोधी ठरवले. सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात, भाषा यांच्या कारणाने कोणाही नागरिकाला प्रवेश नाकारता येणार नाही, हा अनुच्छेद २९ चा नियम प्रत्येक नागरिकासाठी आहे, असे न्यायालयाने म्हटले. दुसरा मुद्दा अधिक मार्मिक होता. अनुच्छेद ३३७ अन्वये अँग्लो-इंडियन शाळांना दहा वर्षांपुरते विशेष अनुदान होते. पण अट अशी होती की, निदान चाळीस टक्के प्रवेश इतर समाजांच्या मुलांना खुले असावेत. परिपत्रक पाळले तर शाळेचे अनुदान जाणार आणि अनुदानाची अट पाळली तर परिपत्रक मोडणार. संविधानात ‘अँग्लो-इंडियन’ या विशेषणाने शाळेची व्यवस्था कोणाकडे आहे ते सांगितले होते. परिपत्रकाने त्याचा अर्थ शाळेत कोण बसू शकते असा केला. ‘अँग्लो-इंडियन शाळा’ या पदाच्या विग्रहाचा हा वाद होता, असे म्हटल्यास वकीलमंडळी क्षमा करतील अशी आशा आहे. आज महाराष्ट्रात इंग्रजी शाळेत जाणारे प्रत्येक मराठी मूल या निकालाचे देणे लागते. ते देणे आनंदाने फेडावे की खंतावून, हा प्रश्न मी येथे हाती घेत नाही.

बाकीची संरक्षणे मुदतीची होती आणि ती मुदतीने संपली. रेल्वे, जकात, टपाल व तार या खात्यांतील राखीव जागा दर दोन वर्षांनी घटत जाऊन दहा वर्षांत, म्हणजे १९६० मध्ये, बंद झाल्या. लोकसभेतील दोन आणि राज्यांच्या विधानसभांतील नामनिर्देशित जागा मात्र दशकामागून दशक वाढत गेल्या. फ्रँक अँथनी यांनी संविधान सभेत आणि पुढे लोकसभेत या समाजाची बाजू दीर्घकाळ मांडली. दरम्यान बरेच लोक इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा येथे निघून गेले. भुसावळ, इगतपुरी येथील रेल्वे वसाहतींत आता त्यांची थोडीच घरे उरली असतील.

डिसेंबर २०१९ मध्ये या जागा पुढे न चालवण्याचा निर्णय संसदेत झाला, तेव्हा सरकारपक्षातर्फे एक आकडा सांगण्यात आला: २०११ च्या जनगणनेनुसार भारतात अँग्लो-इंडियन २९६. समाजाच्या प्रतिनिधींनी तो आकडा साफ नाकारला. आपली संख्या लाखाच्या घरात आहे असे त्यांचे म्हणणे. येथे पुन्हा शब्दच आडवा येतो. ज्या व्याख्येत भाषा नाही, धर्म नाही, रंग नाही, फक्त पितृपरंपरेतील एक दूरचा पुरुष आहे, ती माणसे जनगणनेच्या कोणत्या रकान्यात सापडणार? भाषेच्या रकान्यात ती इंग्रजी भाषकांत मिसळतात, धर्माच्या रकान्यात ख्रिस्ती म्हणून. १९११ मध्ये ज्या जनगणनेने या समाजाला हे नाव दिले, तिनेच शंभर वर्षांनी त्या नावाखाली तीनशेही माणसे दाखवू नयेत, हे मला आकड्यापेक्षा अधिक बोलके वाटते. प्रश्न किती माणसे आहेत हा नसून, किती माणसांना तो शब्द आपला म्हणून उच्चारण्याची संधी विचारणाऱ्याने दिली, हा होता.

१०४ व्या घटनादुरुस्तीनुसार २५ जानेवारी २०२० पासून त्या जागा संपल्या. अनुच्छेद ३६६ मधील व्याख्या मात्र संविधानात तशीच आहे. तिचा आधार घेणारे अनुच्छेद बहुतेक निकामी झाले असले, तरी अनुच्छेद ३३८ मध्ये एक लहानसा खंड उरला आहे. त्या अनुच्छेदापुरते ‘अनुसूचित जाती’ या पदात अँग्लो-इंडियन समाजाचाही समावेश आहे असे समजावे, असे तो सांगतो. १८८३ मध्ये हिंदी न्यायाधीश नको म्हणून ज्या नावाने गोरे लोक सभा भरवीत होते, त्या नावाच्या माणसांची संरक्षणविषयक तक्रार आज राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडे जाते.